मल्लखांब की मॅट : गोंदियातील मुलांपुढच्या वाटा

अंगाने लवचिक आणि चपळ असलेल्या मुलाला जिम्नॅस्टिक्सच्या कोणत्या प्रकारात घालावे, हा प्रश्न विदर्भात फार जुना नाही. पूर्वी वाट एकच होती : आखाडा आणि त्यातला मल्लखांब. मल्लखांबाच्या आजच्या स्वरूपाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते. विदर्भात या विद्येला संस्थेचे बळ मिळाले ते वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत सुरू केलेल्या आखाड्यामुळे. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली.

मल्लखांबाला फारसे साहित्य लागत नाही, हे त्याच्या प्रसाराचे मोठे कारण. जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत जाणारा लाकडी खांब. त्याचे अंग, त्यावर मान आणि टोकाला बोंड. लाकडाला एरंडेल तेल चोळले की सराव सुरू. मूल आधी साधी अढी शिकते, मग दसरंग, मग फिरकी. पोटऱ्या, मांड्या आणि पकड यांची जी मेहनत इथे होते, ती पुढे कोणत्याही प्रकारात कामी येते. मुली बहुधा दोरीच्या मल्लखांबाकडे वळत; आता त्या पुरलेल्या खांबावरही उतरतात.

स्वातंत्र्यानंतर वाटा फुटू लागल्या. मल्लखांब काही काळ राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांच्या छत्राखाली होता. १९८१ पासून त्याचा स्वतंत्र महासंघ आहे. ऑलिंपिकमध्ये १९८४ साली रिदमिक जिम्नॅस्टिक्स आले, २००० साली ट्रॅम्पोलिन. आर्टिस्टिक प्रकारात मुलांना सहा साधने, मुलींना चार. वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी मुलींना सोळावे वर्ष आणि मुलांना अठरावे वर्ष गाठावे लागते. मुलींचा वेळ कमी असल्याने त्यांच्या बाबतीत निर्णय लवकर घ्यावा लागतो, आणि पालकांकडून उशीर होतो तो नेमका इथेच.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. शालेय स्पर्धांची पायरी त्यामुळे जवळ आली : तालुका, मग जिल्हा, मग नागपूर विभाग. पण रेल्वेने नागपूर सुमारे १३० किलोमीटर दूर आहे आणि देवरी किंवा अर्जुनी-मोरगावच्या मुलाला आधी गोंदियाच गाठावे लागते. रोज दोन वेळच्या सरावाची अपेक्षा असलेल्या खेळात हे अंतर निर्णायक ठरते. १९९६ पासून राज्याने सुरू केलेल्या निवासी क्रीडा प्रबोधिनींचे महत्त्व म्हणूनच मोठे. तिथल्या निवड चाचणीत मुलाची उंची, वजन, लवचिकता, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन आणि धावणे पाहतात. त्या वयात एखाद्या कसरतीतील सफाईपेक्षा शरीराची मूळ ठेवण अधिक सांगून जाते, त्यामुळे ही पद्धत रास्तच आहे.

ऑलिंपिकमध्ये स्थान नसल्याने मल्लखांब दुय्यम मानला जाई. तो समज आता मागे पडला आहे. २०१९ मध्ये मुंबईत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यानंतर खेलो इंडियात त्याचा समावेश झाला, आणि २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही तो होता. व्हॉल्टिंग टेबल आणि स्प्रिंग फ्लोअर जिथे नाही, तिथल्या सात-आठ वर्षांच्या मुलाने खांबावर सुरुवात करावी आणि दहाच्या आत प्रशिक्षकाकडून दिशा ठरवून घ्यावी, हा क्रम त्यामुळे व्यवहार्य ठरतो.