हलू नका!

फोटो काढून घेणाऱ्याने हलू नये, ही अट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. 1839 साली पॅरिसमध्ये दाग्येर नावाच्या गृहस्थाची युक्ती जाहीर झाली, तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागत. पुढे स्टुडिओ निघाले तेव्हा गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. त्या काळच्या फोटोतली माणसं एवढी गंभीर का दिसतात, याचं निम्मं उत्तर त्या चिमट्यात आहे. उरलेलं निम्मं बहुधा स्टुडिओच्या बिलात असावं.

माणसाला चिमटा लावता येतो हो, पण चिमणीला कुठे लावणार? त्यामुळे सुरुवातीला पक्ष्यांचे म्हणून जे फोटो निघत, ते बहुतेक पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे. ते हलत नसत, आणि चेहरा चांगला आला नाही अशी तक्रारही करत नसत.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातले पक्षी मात्र जिवंत आणि महाचपळ. बालाघाटच्या माळावर धाविक नावाचा पक्षी असतो. तो नावाला जागतो. चार पावलं धावतो, थांबतो, मान ताठ करून आपल्याकडे बघतो आणि आपण कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पुन्हा चार पावलं पुढे. चंडोल गातो सुंदर, पण आभाळात ठिपका होऊन. आणि पाकोळ्यांचं तर विचारूच नका. आमच्या एका स्नेह्यांनी फिल्म रोलच्या जमान्यात नळदुर्गच्या किल्ल्यात पाकोळ्यांवर 36 फोटोंचा अख्खा रोल खर्च केला. रोल धुऊन आला तेव्हा 36 वेळा आकाश निघालं. आकाश मात्र फार सुरेख आलं होतं.

या चपळाईवर पहिला तोडगा काढला तो मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने, 1882 साली. त्याने चक्क बंदूक बनवली. दस्ता, नळी, चाप, सगळं बंदुकीचं. पण चाप ओढला की गोळीऐवजी सेकंदाला 12 फोटो निघत. पक्षी पंख कसे हलवतो हे त्यातून जगाला दिसलं. पक्ष्यावर बंदूक रोखली आणि पक्षी सुखरूप घरी गेला, अशी ही विरळा घटना!

त्यानंतर इंग्लंडातले कीर्टन बंधू. 1892 साली त्यांनी घरट्याचा आणि अंड्यांचा फोटो काढला. अंडी हलत नाहीत, हा शोध मोठाच म्हणायचा. पण पुढे त्यांना घरट्याची मालकीणही हवी झाली. माणूस दिसला की ती उडून जायची. मग त्यांनी एक बैल पेंढा भरून, आतून पोकळ करून घेतला आणि एका भावाने कॅमेऱ्यासकट त्याच्या पोटात उभं राहायचं ठरलं. एकदा तो बैल आतल्या बंधुराजांसह उलथला. चारी पाय वर. दुसरे बंधू धावत आले आणि त्यांनी आधी फोटो काढला. सख्ख्या भावापुढे कलेला महत्त्व देणारी माणसं आमच्याकडेही आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्यापाशी बैल नव्हता.

आमच्याकडे त्या सुमारास कॅमेऱ्यापेक्षा खरी बंदूकच चालत होती. हा जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानातल्या पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी डॉ. सालिम अली यांनी 1931-32 मध्ये केली. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी टिपायचा, कातडं जपायचं, मोजमाप लिहायचं. पक्ष्याची नोंद झाली की त्या पक्ष्याचं खातं बंद! त्याशिवाय खात्रीची ओळख पटवणं कठीणच होतं. कॅमेऱ्याने पुढे केलं ते एवढंच, की खातं चालू ठेवून नोंद करता येऊ लागली.

पण ही सोय फुकट नव्हती. एरिक हॉस्किंग या इंग्रज फोटोग्राफरचा एक डोळा 1937 साली एका घुबडाने नेला. त्यांनी धंदा सोडला नाही. कॅमेऱ्यात बघायला एकच डोळा लागतो, हे त्यांनी जन्मभर सिद्ध केलं.

आता कॅमेरे असे आलेत की सेकंदाला 20 फोटो सहज निघतात. मारेची बंदूक लाजेल. मग सगळ्यांचे फोटो चांगले का येत नाहीत? कारण वेगाने वेगाला गाठता येत नाही. हे आम्हा बँकवाल्यांना वसुलीत कळतं. थकबाकीदाराच्या मागे धावून तो सापडत नाही. तो जेवायला कधी येतो, कोणत्या टपरीवर चहा घेतो, हे ठाऊक असलं की तो आपणहून समोर येतो. पक्ष्याचंही तेच. पखुर्डी उडाली की गोळीसारखी जाते; पण सकाळी ठरल्या वेळी पाण्यावर येते. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून पुरुषभर उंच उडी मारतो आणि निमिषात दिसेनासा होतो. पण तो पुन:पुन्हा, बहुधा त्याच जागेवरून उडतो, दिवसातून शेकडो वेळा. लपण बांधून गप्प बसणाऱ्याला तो सापडतो. पक्ष्याची सवय कळली की अर्धा फोटो निघाला.

गोम इथेच आहे. सवय शिकाऱ्यालाही कळावी लागते आणि फोटोग्राफरलाही. घरट्यापाशी पक्षी हमखास परत येतो, म्हणून एके काळी सगळे कॅमेरे घरट्यापाशीच असत. आई आत येईना, अंडी उन्हात, आणि आमचा कलावंत म्हणतोय, ‘आणखी एकच!’ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दातच पक्ष्याच्या अंड्यांना नि घरट्याला उपद्रव देणंही बसवलं आहे. म्हणजे बंदूक टाकून कॅमेरा घेतलेला माणूस अंतर न राखल्यास पुन्हा शिकारीच. आपल्याकडे पुष्कळ छायाचित्र-स्पर्धांत आता घरट्यावरचा फोटो घेतच नाहीत. योग्यच आहे.

आणि शेवटी मालढोक. तुळजापूरहून सोलापूरला उतरलं की पलीकडे बार्शीच्या वाटेवर नान्नज. तिथे 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं. हा पक्षी काही पाकोळी नव्हे. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भारी, चालणं एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखं. राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून डॉ. अलींनी त्याचं नाव सुचवलं होतं. 1963 मध्ये मान मोराला गेला. त्याचा फोटो काढणं त्या मानाने सोपं. तो माळ सोडत नाही आणि विणीच्या दिवसांत आपल्या ठरलेल्या जागी गळ्याची पिशवी फुगवून उभा राहतो. फोटोही पुष्कळ निघाले. पण मादी बहुधा एकच अंडं घालते, गवताच्या जागी नांगर आला, आणि समोरच्या विजेच्या तारा या जड पक्ष्याला वेळेवर दिसत नाहीत. अभयारण्य मूळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. ते पुढे बाराशेवर आणलं. देशात हा पक्षी दीडशेसुद्धा उरला नसावा असा अंदाज सांगतात. नान्नजला तो दिसलाच तर बातमी होते.

चपळ पाकोळी 36 वेळा निसटली, तरी दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर हजर असते. सावकाश चालणारा मालढोक फोटोत अगदी स्वच्छ आला, आणि माळावरून निसटला. इतकी वर्षं फोटोग्राफर ओरडत आले, हलू नका. या एका पक्ष्याला मात्र सांगावंसं वाटतं: बाबा, हवं तेवढं हल. फोटो बिघडला तरी चालेल. पण जाऊ नकोस.