दाढीवाल्या माणसाचा बारीक आवाज



गेल्या महिन्यात बैठकीत बचतीचा आणि कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब झाला आणि आम्ही मोबाईलवर एक गाणं लावलं. गाणं इंग्रजी, त्यामुळे शब्द कुणालाच कळले नाहीत, पण सगळ्याजणी गप्प बसून ऐकत राहिल्या. गाणं संपल्यावर विचारलं, "कोण गात असेल?" कुणी म्हणालं तरुण मुलगी, कुणी म्हणालं चर्चमधली नन. मग आम्ही फोटो दाखवला. दाढीवाला, उंचापुरा बाप्या माणूस! एकच हशा पिकला.

त्या माणसाचं नाव आल्फ्रेड डेलर. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे.

डेलर यांचा जन्म १९१२ साली इंग्लंडमधल्या मार्गेट या समुद्रकाठच्या गावी झाला. लहानपणी ते चर्चच्या गायनवृंदात गायचे. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, हे आपण घरोघरी पाहतो. डेलर यांचाही बोलण्याचा आवाज इतर पुरुषांसारखा जाड झाला. पण जाड आवाजात गाणं त्यांना आपलं वाटेना. म्हणून ते उंच, बारीक आवाजातच गात राहिले. कुणी गुरू नव्हता, कुठल्या संगीत शाळेची पायरी चढले नव्हते. पोटासाठी ते हेस्टिंग्ज गावात फर्निचरच्या दुकानात काम करायचे आणि चर्चमध्ये गायचे.

हा आवाज निघतो कसा? बोलताना पुरुषाच्या घशातले स्वरतंतू पूर्ण जाडीनं थरथरतात. आवाज फार वर नेला की मुख्यतः त्यांच्या कडाच थरथरतात आणि बारीक सूर निघतो. बाळाला खेळवताना बाप जसा आवाज काढतो, तसाच हा. तो बहुतेक पुरुषांना काढता येतो. पण त्याच आवाजात तासभर सुरात गायचं, तर वर्षानुवर्षांची मेहनत लागते. अशा गायकाला तिकडे काउंटरटेनर म्हणतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायला हव्यात. पूर्वी इटलीत गाणाऱ्या मुलांचा आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच शस्त्रक्रिया करून त्यांचं पुरुषत्व काढून घेत. ती क्रूर प्रथा होती. डेलर यांच्या आवाजाचा तिच्याशी काही संबंध नाही. ते चारचौघांसारखे संसारी होते, मुलाबाळांचे बाप होते. दुसरं म्हणजे आपले बालगंधर्व. त्यांनी शालू नेसून भामिनी, रुक्मिणी, सिंधू रंगभूमीवर उभ्या केल्या. ती स्त्रीभूमिका होती. डेलर बाईचं सोंग घेत नव्हते. ते पुरुष म्हणूनच उभे राहून गायचे.

इंग्लंडमध्ये हा आवाज टिकला, त्याचं एक कारण आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथल्या मोठ्या चर्चच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, गायनवृंदात शेकडो वर्षं बायकांना जागाच नव्हती. सगळ्यात वरचे सूर लहान मुलगे गायचे आणि त्याखालचे उंच सूर मोठे पुरुष. सॉल्झबरीच्या कॅथेड्रलमध्ये मुलींचा स्वतंत्र गायनवृंद सुरू व्हायला १९९१ साल उजाडलं! पण पुरुषांचा हा उंच आवाज वृंदातच राहिला. एकट्यानं पुढे येऊन, मैफलीत बसलेल्या श्रोत्यांसमोर तो कुणी क्वचितच लावायचा.

१९४० साली डेलर कँटरबरी कॅथेड्रलच्या गायनवृंदात दाखल झाले. दुसरं महायुद्ध चालू होतं. माणसं मारायला त्यांचं मन तयार नव्हतं, म्हणून त्यांनी बंदूक घ्यायला नकार दिला. त्याऐवजी ते शेतात राबले आणि कॅथेड्रलमध्ये गात राहिले. त्याच काळात मायकेल टिपेट हे संगीतकार कँटरबरीला आले. तेही युद्धाला नकार देऊन तुरुंगात जाऊन आलेले. डेलर यांचं गाणं ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हेन्री पर्सेल या अडीचशे वर्षांपूर्वीच्या थोर संगीतकारानं ज्या आवाजासाठी गाणी रचली, तो हाच! त्यांनी डेलर यांना लंडनच्या मैफलीत गायला लावलं.

पुढची पायरी रेडिओची. २९ सप्टेंबर १९४६ रोजी बीबीसीची 'थर्ड प्रोग्रॅम' ही नवी वाहिनी सुरू झाली. पहिल्याच रात्रीच्या मैफलीत डेलर पर्सेलची रचना गायले. ज्या आवाजाला वृंदाबाहेर फारशी जागा नव्हती, तो त्या रात्री घराघरांत पोचला.

मग ते लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये गेले. लूट या तंतुवाद्याच्या साथीनं जुनी गाणी गायले, स्वतःचा गायकसंच काढला, रेकॉर्डी केल्या, देशोदेशी फिरले. १९६० साली बेंजामिन ब्रिटन या नामवंत संगीतकारानं शेक्सपिअरच्या नाटकावरून ऑपेरा रचला आणि त्यातला पऱ्यांचा राजा ओबेरॉन डेलर यांच्या आवाजासाठी लिहिला. पण त्यांना नाटकात काम करायची सवय नव्हती. अभिनयावर टीका झाली. पुढच्या वर्षी लंडनच्या मोठ्या ऑपेरागृहात तोच खेळ लागला, तेव्हा ती भूमिका दुसऱ्याला दिली गेली. आपल्यासाठी रचलेलं गाणं दुसऱ्याच्या तोंडी ऐकणं किती लागलं असेल! पण डेलर गायचे थांबले नाहीत. १९७९ साली इटलीत बोलोन्या इथे त्यांचं निधन झालं, तोवर त्यांचा मुलगा मार्कही त्याच आवाजात गाऊ लागला होता. आज जगभरच्या संगीत महाविद्यालयांत हा आवाज शिकवला जातो.

मैत्रिणींनो, बैठकीत ते गाणं आम्ही उगाच लावलं नव्हतं. गेल्या वर्षी गटाच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा एका ताईंचा मिसरूड फुटलेला मुलगा आपल्याबरोबर गायला होता. आवाज बारीक, पण सुराला पक्का. कार्यक्रम लागला आणि गावात पोरं त्याला 'बायल्या' म्हणू लागली. खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हीही हसलो होतो. त्यानंतर तो गायला नाही.

फोटो पाहून सगळ्या हसल्या तेव्हा ती ताई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "परत लावा." आम्ही परत लावलं. या वेळी कुणी हसलं नाही. जाताना ताईंनी ते गाणं स्वतःच्या मोबाईलवर घेतलं आणि फोटोही मागून घेतला.

पोरगा अजून गायला लागलेला नाही. पण त्याची चूक नव्हती, हे आम्ही सगळ्यांच्या वतीनं या रेडिओवरून सांगतो आहोत. हसलो होतो याच रेडिओवरचं गाणं ऐकून, म्हणून माफीही इथेच मागतो. बाळा, पुढच्या महिन्यात ओव्यांचं रेकॉर्डिंग आहे. तुझी जागा ठेवली आहे.