कलपाची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला जाणारा रस्ता आमच्या सिल्लोडवरून जातो. पाहुणे येथे थांबलेच तर चहापुरते. मी मात्र लेण्यांत गेलो की सतराव्या लेण्यातल्या एका बाईपाशी रेंगाळतो. हातात आरसा, जवळ दासी, आणि केसांचा काय तो थाट! वाकाटक हरिषेणाच्या काळातली, म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीची ही केशरचना.

त्यानंतर थोड्याच काळाने, सहाव्या शतकात, वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त चक्क कलपाची कृती दिली. पांढऱ्या डोक्याला माळा-अत्तरे शोभत नाहीत, असे त्याचे मत. (ज्योतिषी असून माणूस मोठा व्यवहारी!) हरीक आंबट द्रवात लोखंडी भांड्यात शिजवायचा, लोहचूर्णासह वाटून डोक्याला थापायचा, वर हिरवी पाने बांधायची. दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप, पुन्हा दोन प्रहर. म्हणजे अख्खा दिवस गेला!

माझी आई दिवाळीच्या आधी लोखंडी कढईत आवळकाठी भिजत घाली, तिला वराहमिहिर ठाऊक नव्हता. लोह आणि आवळ्यातले तुरट द्रव्य एकत्र आले की काळे होते. बोरूची जुनी शाई याच युक्तीची. नुसत्या मेंदीने केस तांबूस होतात, तिच्यावर निळीच्या पाल्याचा लेप दिला की काळे. नहाणाला शिकेकाई आणि रिठे. खर्च म्हणाल तर काही आण्यांचा.

झटपट कलप आला तो परदेशी प्रयोगशाळांतून. १८६३ मध्ये हॉफमन या जर्मन रसायनज्ञाने पॅराफेनिलीनडायअमिन अभ्यासले; १९०७ मध्ये पॅरिसच्या यूजीन श्यूलरने त्या जातीचा कलप विकायला काढला. याचे बारीक, बिनरंगी कण केसात शिरतात, तेथे पेरॉक्साइडने त्यांचे मोठे रंगीत कण बनतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. युक्ती नामी, पण काहींच्या कातडीला हे द्रव्य मुळीच सोसत नाही. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’तही पुष्कळदा तेच असते.

हे आम्हांला फार उशिरा कळले. ताईच्या लग्नाच्या आदल्या रात्री थोरल्या काकांनी आठवडी बाजारातली एक स्वस्त पुडी डोक्याला लावली. व्याह्यांपुढे म्हातारे दिसू नये, एवढीच हौस! सकाळी कपाळ सुजले, पापण्या मिटल्या. कन्यादान त्यांनी चाचपडत केले. लेकीचे मुंडावळ्यांतले तोंड काही त्यांना दिसले नाही. पुढे ते कधी त्याविषयी बोलले नाहीत, आणि डोके पांढरेच ठेवले.

२०१२ मध्ये गोदरेजने क्रीमचा कलप तीस रुपयांच्या पुडीत आणला, आणि शहरातल्या सलूनमधली चैन खेड्यापाड्यांत पोचली. अमोनिया नसलेले कलपही मिळू लागले. तेही सगळ्यांनाच सोसतात असे नाही, म्हणून कानामागे थेंब लावून ४८ तास थांबायचे असते.

गेल्या भाऊबीजेला ताई दोन दिवस आधीच आली. तिचेही केस आता पिकले आहेत. कानामागे काळा ठिपका पाहून मी हसलो.

“हस मेल्या,” ती म्हणाली, “पण ओवाळताना मला तुझं तोंड दिसायला हवं.”