राबाची राख

इतिहास म्हटला की आमच्या पोलादपूरकडचा माणूस चटकन उमरठला जातो. तेथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. मलाही तीच सवय. वर्गात जावळीची 1656 ची स्वारी रंगवून सांगताना मुले श्वास रोखून ऐकतात. पण डोंगर जिंकला, तो कसला कोणी, हे मला एका म्हातारीने शिकवले.

वडील गेल्यावर वारसनोंदीचे काम निघाले. थोरली आत्या महाडजवळ दिलेली, वय ऐंशीच्या पुढे. तिचे हक्कसोडपत्र घ्यावे, असे घरात ठरले. अक्षर बरे म्हणून मसुदा मीच लिहिला आणि घेऊन गेलो.

आत्याने कागद वाचायला लावला. गट नंबर ऐकून ती म्हणाली, "मास्तर, हे आकडे मला काय कळायचे? थोरलीचा माळ कोणता, काकीची दाढ कोणती, ते सांग."

मी गप्प झालो. आमच्या शेतांची नावे बायकांची आहेत, हे मी जन्मभर ऐकत होतो. त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता.

मग ती बोलू लागली. आमचा मूळपुरुष पारघाट उतरून आला, असे घरात सांगतात. शिवकाळात ओसाड जमीन लागवडीला आणणाऱ्यास इस्ताव्याचा कौल मिळे. पहिली वर्षे सारा हलका, मग चढता. 1676 साली महाराजांनी सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेल्या पत्रात बैल नसलेल्या कुणब्याला बैल द्या, पोटाला दाणे द्या, अशी आज्ञा आहे. आमच्या मूळपुरुषाला काय मिळाले ते देव जाणे. पण उतारावर दगड वाहून बांध घातले ते जोडीने. ऐनाचे टाहाळ तोडायचे, शेण-पालापाचोळा पसरून राब भाजायचा, पावसात त्या राखेत रोपे धरायची. वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाली भात. बांध फुटला की पदर खोचून बाईच उभी.

पुढे खोत आले. 1949 च्या कायद्याने खोती गेली. 1 एप्रिल 1957 ला कूळ मालक झाले. "कसेल त्याची जमीन" म्हणाले. नाव लागले ते आजोबांचे. आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते. नांगरामागे आजी होती, आणि तिच्यामागे दाढ भाजणारी ही आत्या.

मला वाचलेले आठवले. अमेरिकेत 1862 च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना 160 एकर जमीन मिळे. पाच वर्षे राहून कसली की मालकी. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची होती, हा त्यातला अन्याय खराच. पण एकटी बाई, विधवासुद्धा, स्वतःच्या नावाने अर्ज करू शके. आमच्या डोंगरात बाईचे नाव शेताला मिळाले, कागदाला नाही.

"आत्या, तुला वाटा हवा का?" मी विचारले.

"वाटा घेऊन कुठे जाऊ बाबा? मला चढवतसुद्धा नाही आता. पण सही केली, की मी तिथली कोणी नव्हते असे होईल. ते लिहून देऊ?"

कायदा तिच्या बाजूचा होता. मी मात्र कायद्यासाठी नव्हे, लाजेने कागद घडी करून खिशात घातला.

यंदा सातबाऱ्यावर वडिलांच्या वारसांबरोबर आत्याचे नाव चढले. धाकट्या भावाचे आणि माझे बोलणे अजून सुरळीत नाही; भाऊबीजेला येईल, अशी आशा आहे. उतारा घेऊन गेलो तेव्हा आत्याने त्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "ह्यात आईचे नाव कुठे आहे?"

त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. म्हणून हा लेख लिहिला.