एक काडतूस, दोन बंदुका



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीतला हा माणूस पगार आणि बोनस यांवर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. मी ‘काडतूस’ म्हणालो आणि ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांची शंका रास्त होती. मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण लेथवर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु अमेरिकेतील होमस्टेड येथील १८९२ सालच्या लढ्याची हकिकत वाचताना विंचेस्टर रायफलीचे नाव वारंवार समोर येऊ लागले, आणि यंत्रशाळेत हात काळे केलेल्या माणसाला ती वस्तू आतून कशी चालते हे पाहिल्यावाचून राहवेना. पाहता पाहता मी एका प्रश्नापाशी येऊन थांबलो. स्वसंरक्षणासाठी काडतूस निवडायचे, ते कोणत्या कसोटीवर?

या रायफलीच्या जन्मकथेत एक शर्टांचा कारखानदार आहे. ऑलिव्हर विंचेस्टर हा न्यू हेवन गावी शर्ट शिवून घेऊन विकत असे. त्या सुमारास एकामागून एक बार काढणारी बंदूक करण्याच्या खटपटीत अनेक कारागीर होते. वॉल्टर हंट याने १८४८ साली गोळीच्याच पोकळ बुडात दारू भरण्याची युक्ती काढली. पण तेवढ्याशा पोकळीत दारू ती किती मावणार? मार दुबळा पडे. विंचेस्टरने या धंद्यात पैसा घातला, धंदा डबघाईला आल्यावर तो ताब्यात घेतला आणि बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराच्या हाती काम सोपवले. हेन्रीने १८६० साली धातूच्या पुंगळीतले काडतूस वापरणारी रायफल सिद्ध केली. पुढे १८६६ साली विंचेस्टरच्या नावाची पहिली रायफल बाजारात आली.

तिची रचना मोठी सुटसुटीत आहे. चापाभोवतीचे लोखंडी कडे हाच तिचा लिव्हर. तो खाली लोटला की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि घोडा मागे चढतो; वर घेतला की नवे काडतूस नळीत बसते. काडतुसांचा साठा बंदुकीच्या नळीखाली असलेल्या दुसऱ्या नळीत, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखा उभा असतो. त्या नळीतली स्प्रिंग त्यांना मागे रेटत राहते.

१८७३ साली विंचेस्टरने पुढचा नमुना काढला, आणि त्याबरोबर एक काडतूसही. त्याला व्यवहारात ‘चव्वेचाळीस-चाळीस’ म्हणत. चव्वेचाळीस हा इंचाच्या शतांशातला नाममात्र व्यास आणि चाळीस म्हणजे ४० ग्रेन काळी दारू, आपल्या मापाने सुमारे अडीच ग्रॅम. पुढे २०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी. १८७८ च्या सुमारास कोल्ट कंपनीने आपले रिव्हॉल्व्हर याच काडतुसासाठी करून विकायला काढले, आणि एक मोठी सोय झाली. दुकानापासून कोसोगणती दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला आता काडतुसांचा एकच पट्टा पुरे. खांद्यावरची रायफल आणि कमरेचे रिव्हॉल्व्हर, दोघींचे अन्न एकच. गरिबाच्या संसारात एकाच पिठाची भाकरीही होते आणि थालीपीठही होते, तसा हा हिशेब.

तथापि सोय ही फुकट मिळत नसते. नळीत काडतुसे एकामागे एक असली म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते, आणि त्या बुडाच्या मध्यभागीच ठिणगी पाडणारी टोपी असते. बंदुकीने मागे धक्का दिला आणि अणकुचीदार टोक त्या टोपीवर आदळले, तर नळीतल्या नळीतच बार उडायचा! म्हणून या रायफलींसाठी गोळीचे नाक सपाट ठेवतात. आजही ही रायफल बाळगणाऱ्याने काडतूस निवडताना पाहायची पहिली गोष्ट हीच. सपाट नाकाची गोळी दूर गेल्यावर वाऱ्याला लौकर थकते. म्हणून अलीकडच्या काळात एका कंपनीने टोकाला दबणारा मऊ प्लॅस्टिकचा तुकडा बसवून त्यावर तोड काढली आहे.

ही रायफल मुळात जवळच्या माऱ्याची, हे तुर्कांनी नीट ओळखले होते. त्यांनी विंचेस्टरच्या १८६६ च्या नमुन्याच्या सुमारे ५० हजार बंदुका घेतल्या होत्या. १८७७ साली प्लेव्हना येथे रशियन फौज चालून आली, तेव्हा लांबवर असलेल्या शत्रूवर त्यांनी पीबॉडी-मार्टिनी ही एकेरी बाराची जोरदार रायफल चालवली आणि तो जवळ येताच विंचेस्टर हाती घेतली. दोन कामे, दोन बंदुका, दोन काडतुसे.

एक काडतूस दोन बंदुकांना पुरते, या समजुतीला पुढे तडा गेला. १८९२ साली जॉन ब्राउनिंग याने आखलेली नवी, अधिक भक्कम विंचेस्टर आली. या पोलादी चौकटीत जास्त दाब सोसण्याची ताकद होती. साहजिकच विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच चव्वेचाळीस-चाळीसच्या पुंगळीत जास्त वेगाचा भरणा करून काडतुसे निघाली. पुंगळी तीच, माप तेच, जुन्या रायफलीत आणि रिव्हॉल्व्हरात ती बेलाशक बसत. पण तिथे ती धोक्याची होती. म्हणून ही काडतुसे १८९२ च्या नमुन्यासाठीच आहेत, असे पेटीवर छापावे लागले. बसते म्हणून चालते असे नाही, हा धडा मला लेथवर पहिल्या वर्षीच मिळाला होता. तिथे फार तर तुकडा वाया जातो. इथे डोळा जातो.

आज अशा रायफली बहुधा ‘तीनशे सत्तावन्न मॅग्नम’ किंवा ‘चव्वेचाळीस मॅग्नम’ या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांसाठी करतात. पहिले १९३५ चे, दुसरे १९५० नंतरच्या दशकातले. रिव्हॉल्व्हरची नळी चार-सहा इंचांची, तर रायफलीची सोळा-वीस इंचांची. दारूच्या वायूला गोळी ढकलायला लांब वाट मिळते आणि वेग वाढतो. तीनशे सत्तावन्नची जी गोळी रिव्हॉल्व्हरातून सेकंदाला सुमारे १२०० फुटांनी निघते, तीच रायफलीतून १७०० ते १८०० फुटांपर्यंत पोचते. म्हणजे काडतूस बदलले नाही, तरी गोळीचा स्वभाव बदलला.

निवडीचा खरा पेच इथे आहे. पोकळ नाकाची गोळी शरीरात शिरताच फुलते आणि आपला जोर तिथेच खर्च करते. पण रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी बेतलेली गोळी रायफलीच्या वेगाने आदळली, तर ती वेळेआधी फुटून वरच्यावरच विखुरण्याचा संभव असतो. उलट कठीण, न फुलणारी गोळी माणसातून आरपार जाते. अमेरिकेतल्या लाकडी घरांच्या पातळ भिंतीतूनही जाते आणि पलीकडे मूल निजले आहे की शेजारी, हे विचारीत नाही. म्हणून जाणते लोक सर्वांत जोरदार काडतूस घेत नाहीत. ते मध्यम भरण्याचे, फुलूनही एकसंध राहणारे घेतात. कित्येक जण त्याच रायफलीत आखूड ‘अडतीस स्पेशल’ वापरतात. त्याचा धक्का आणि आवाज दोन्ही कमी. मात्र काही रायफलींत ती आखूड पुंगळी अडकते. तेव्हा जे काडतूस निवडायचे, ते आपल्याच बंदुकीतून पुष्कळदा चालवून पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये. आणि मंद काडतुसाने भिंतीचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

फुलणाऱ्या गोळीचा विषय निघाला की आपल्या देशाचे नाव निघतेच. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील सरकारी कारखान्यात १८९० नंतरच्या वर्षांत अशा गोळ्या तयार झाल्या आणि वायव्य सरहद्दीवर वापरल्या गेल्या. १८९९ च्या हेग परिषदेत, त्या जखमा अमानुष म्हणून, युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत अशी घोषणा झाली. मग जी गोळी रणांगणावर निषिद्ध, ती घरात उचित कशी? मी यावर पुष्कळ विचार केला. रणांगणावर शत्रू जायबंदी झाला की काम भागते, त्याहून अधिक यातना देण्याचे प्रयोजन नाही, असा त्या घोषणेचा आशय. घरात आणि गल्लीत मात्र निशाणामागे जे उभे आहे, त्याचा जीव वाचवायचा असतो. तिथे गोळी किती जोराने लागते, यापेक्षा ती कुठे थांबते, हा मोठा प्रश्न.

आता होमस्टेड. मोनोंगहेला नदीकाठचा कार्नेगीचा पोलाद कारखाना. ३० जून १८९२ रोजी संघटनेशी झालेला करार संपत होता. कार्नेगी स्कॉटलंडला गेलेला. व्यवस्थापक फ्रिक याने कारखान्याभोवती उंच कुंपण घातले, त्यावर काटेरी तार ओढली आणि टाळेबंदी केली. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन संस्थेचे ३०० पहारेकरी दोन पडावांतून नदीमार्गे आले. त्यांच्यासाठी विंचेस्टर रायफली पेट्यांतून आल्या होत्या. काठावर कामगार, त्यांच्या बायका, मुले. कामगारांपाशीही मिळतील त्या बंदुका होत्या. मालक म्हणत होता, आम्ही मालमत्तेचे संरक्षण करतो. कामगार म्हणत होते, आम्ही आमच्या घरांचे आणि भाकरीचे संरक्षण करतो. पहिला बार कोणी काढला, यावर तेव्हापासून वाद आहे.

दिवसभर गोळीबार चालला. कामगारांनी नदीच्या पलीकडच्या काठावर एक जुनी तोफ आणली होती. तिचा एक गोळा पडाव चुकवून अलीकडच्या काठावर आला आणि त्याने एका कामगाराचाच बळी घेतला. संध्याकाळी पिंकर्टनवाल्यांनी शरणागती पत्करली. पुढाऱ्यांनी त्यांना अभय दिले होते. पण संतापलेल्या जमावाने त्यांना रांगेतून नेताना बेदम मारले. दोन्ही बाजूंची मिळून निदान दहा माणसे गेली. त्या दिवशी कामगार जिंकले. सहाच दिवसांनी राज्याची हजारो सैनिकांची फौज आली, तिच्या पहाऱ्यात बदली कामगार आत घेतले गेले, आणि नोव्हेंबरात लढा मोडला. १८९३ साली पिंकर्टनसारख्या संस्थांची माणसे केंद्र सरकारने नोकरीत घेऊ नयेत, असा कायदा झाला खरा. पण अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीला संघटनेशी करार करायला १९३७ साल उजाडावे लागले. पंचेचाळीस वर्षे! एक अख्खी पिढी संघटनेवाचून भट्टीपुढे उभी राहिली.

मालकाच्या कुंपणावर आणि तीनशे भाडोत्री बंदुकांवर माझा राग आहे, तो मी लपवीत नाही. पण त्या तोफेच्या गोळ्यापाशी मी दरवेळी थबकतो. आमच्या एका टाळेबंदीत फाटकावर गर्दी होती. मागच्या कोणीतरी पहाऱ्याच्या चौकीवर दगड भिरकावला. तो चौकीवरून पलीकडे गेला आणि दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या आमच्याच एका वृद्ध सोबत्याच्या कपाळावर बसला. त्याच्या डोक्याला पाच टाके पडले. दुसऱ्या दिवशी बोलणी व्हायची होती. ती त्या दगडामुळे तीन आठवडे लांबली. दगड मारणारा मुलगा वाईट नव्हता. त्याने चौकी पाहिली होती, चौकीच्या पलीकडे पाहिले नव्हते. त्या रात्री मी त्याला रागावलो नाही. त्याला घेऊन इस्पितळात गेलो आणि म्हाताऱ्याच्या खाटेपाशी बसवला.

काडतुसाच्या पेटीवर ते कोणत्या बंदुकीसाठी आहे, हे छापलेले असते. पलीकडे कोण उभे आहे, हे कोणत्याच पेटीवर छापलेले नसते. ते ज्याच्या हातात चाप आहे, त्यानेच पाहायचे असते, आणि चाप ओढण्यापूर्वी पाहायचे असते.