देवाच्या नावाची सुटी

बुलढाणा जिल्ह्यात विसाव्याचा पहिला मान बैलाचा. कपाशीच्या ओळींतून डवरा ओढून ओढून त्याचा खांदा सुजलेला असतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो गरम पाण्यानं शेकायचा, हळद-तूप चोळायचं, उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. श्रावण अमावस्येला मानेवर जू नाही. त्यासाठी कुणाला कायदा करावा लागला नाही. अमावस्येला औत धरू नये, एवढा धाक पुरे होता.

माणसाची पाळी फार उशिरा आली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा पोचला आणि वऱ्हाडचा कापूस झपाट्यानं बाहेर जाऊ लागला. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. १८८१ च्या कारखाना कायद्यानं महिन्याला चार सुट्या दिल्या, त्याही फक्त मुलांना. शिवाय वर्षात चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना तो कायदा लागूच नव्हता. हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंगला एवढी पळवाट पुष्कळ झाली.

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्या जमवल्या आणि रविवारची सुटी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडलं. मालकांनी १० जून १८९० रोजी ही मागणी मान्य केली. रविवार ही साहेबाची देणगी आहे असं आपण सहज बोलून जातो, तेव्हा त्या सह्या करणाऱ्यांवर अन्याय होतो. वऱ्हाडातला शेतमजूर मात्र आजही रविवारपेक्षा बाजाराचा दिवस पाळतो.

आणि बाई? पोळ्याला बैल सुटतो, पण पुरण तिलाच वाटावं लागतं. तिच्या वाट्याची उसंत भुलाबाईनं आणली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई माहेरपणाला येते, आणि तिच्या निमित्तानं मुली-बायका संध्याकाळी घरोघर जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. सासूचा जाच, नणंदेचा तोरा, माहेरची ओढ, दिवसभर गिळलेलं सगळं इथं चालीवर म्हणता येतं. मला हा विसावा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यातून रचना झाली. जुन्या गाण्याला नवं कडवं जोडणाऱ्या त्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. गाणी मात्र लेकींबरोबर गावोगाव सासरी गेली.