मतलई वारा

वाचकहो, गोदावरी-मांजरेच्या काठी राहणाऱ्या आपणा मंडळींचा समुद्राशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. परंतु 'खारे वारे' व 'मतलई वारे' हे शब्द आपण सर्वांनीच भूगोलाच्या तासाला पाठ केले आहेत. दिवसा जमीन लवकर तापते आणि वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई.

कोकणातील कोळी व दालदी मच्छीमारांना हे ज्ञान पुस्तकातून मिळालेले नाही. शिडाच्या होड्यांच्या काळी पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याबरोबर परतायचे, हा त्यांचा क्रम होता. वारा ओळखण्यावरच त्यांची भाकरी व त्यांचा जीव अवलंबून असे.

आता 'मतलई' हा शब्दच पाहा. अरबीत 'मतला' म्हणजे उगवण्याची जागा. गझलेच्या पहिल्या शेराला आपण मतला म्हणतो, तोच हा शब्द. अरब दर्यावर्दी ताऱ्यांच्या उगवतीवरून व मावळतीवरून दिशा ठरवीत. आपल्या किनाऱ्याला जमीन पूर्वेस, म्हणून तिकडून येणारा वारा मतलई. मोसम, तुफान, खलाशी हे शब्दही अरबीतून आले, तर कोळ्यांचा 'नाखवा' फारशी 'नाखुदा'पासून झाला. इ. स. ९१५-१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब इतिहासकार चौल बंदरात आला होता. अशा शेकडो वर्षांच्या येण्याजाण्यातून हे शब्द किनाऱ्यावर रुजले आणि पुढे मराठी पाठ्यपुस्तकात आले.

या ज्ञानाचे मोल वास्को-द-गामाच्या सफरीवरून कळते. १४९८ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेतील मलिंदीहून तो निघाला. सोबत तेथे मिळालेला जाणता वाटाड्या होता आणि वारा अनुकूल होता. सुमारे २३ दिवसांत त्याला भारताचा किनारा दिसला. परतताना मात्र त्याने योग्य मोसमाची वाट पाहिली नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या आरंभी निघून आफ्रिकेचा किनारा गाठण्यास त्याला जवळजवळ तीन महिने लागले, आणि तीसएक खलाशी वाटेतच दगावले. समुद्र तोच होता. वाऱ्याची वेळ मात्र चुकली होती.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रात जावे, ही कोळ्यांची जुनी रीत. आज सरकारही पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी घालते. मात्र होड्यांना यंत्रे बसल्यापासून वारा ओळखण्याची रोजची गरज उरली नाही, आणि जे लागत नाही ते नवी पिढी शिकत नाही.

मच्छीमारांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे तोंडीच गेली. ज्याला अक्षर येत नाही त्याला ज्ञान नाही, असे समजणे म्हणूनच चूक आहे. पालकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना पाऊस, पेरणी व वारा यांविषयी पुष्कळ ठाऊक असते. मुलांनी शाळा शिकावीच. पण त्यांच्याजवळ बसून ते वहीत उतरवूनही घ्यावे. उद्या सांगणारे कोणी राहणार नाही.